त्रेसष्ठ दिवस

मंगळवारी मी वाचनालयाच्या तळघरात बसतो.
दोन खुर्च्या, आणि एक प्रिंटर, बहुधा रुसलेला.
छत्तीस वर्षं बीजगणित शिकवलं या गावात.
आता क्ष म्हणजे म्हाताऱ्यांचा विमा.

लेम्पी हार्यू आली ती बर्फाचे बूट दाराशी काढून,
नुसत्या मोज्यांवर.
कॉफीच्या डब्यात गोळ्यांच्या नऊ बाटल्या,
आणि पत्र.
कंपनीनं फार अदबीनं लिहिलं होतं
की एकतीस डिसेंबरनंतर तुमची योजना
तुमच्या जिल्ह्यात नसेल.
"म्हणजे ही पण गाव सोडून चालली," ती म्हणाली,
"तांब्याच्या खाणीसारखी."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. अकरा योजना.
पहिलीचा हप्ता शून्य.
दात फुकट, चष्मा फुकट, व्यायामशाळाही फुकट
(सर्वांत जवळची सत्तर मैलांवर),
फक्त हृदयाचं तेवढं तुमचं तुम्ही बघा:
तिचे डॉक्टर यादीत नाहीत.
दुसरीत डॉक्टर आहेत, पण ती पांढरी गोळी नाही.
तिसरीत दोन्ही आहेत,
इस्पितळ मात्र मार्केटला,
आणि जानेवारीत तो रस्ता कुणाचं ऐकत नाही.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "तू गणिताचा ना?
पुढच्या वर्षी मी किती आजारी पडणार
तेवढं सांग.
स्वस्त काय, ते मी सांगते."

आमच्या पुस्तकात उत्तरं
शेवटच्या पानांवर असायची.

तिनं पर्समधून आणखी एक पाकीट काढलं.
"हे आर्वोचं. त्यालाही आलंय."
आर्वो मार्चमध्ये गेला.
जमीन गोठलेली, पुरायला मे उजाडला.
पत्रात लिहिलं होतं,
आपल्या गरजा ओळखून वेळेत निवड करा.
"कळवते त्याला," ती म्हणाली, हसली,
आणि हसू खोकल्यात अडकून बसलं.
मी पाणी आणायला उठलो, जरा जास्तच वेळ लावला.

परत आल्यावर तिला ती फट दाखवली
जी नियमांत क्वचितच असते:
योजना तुम्ही सोडलेली नाही, तिनंच तुम्हाला सोडलंय,
म्हणून ती संपल्यापासून त्रेसष्ठ दिवस
मूळ मेडिकेअरवर पूरक विमा मागितलात
तर कंपनीला नाही म्हणता येत नाही.
छातीत काय आहे, विचारता येत नाही.
ती पातळ झालेली झडप, दोन वर्षांपूर्वीची ती रात्र,
त्रेसष्ठ दिवस
कुणीही तिच्या काळजाची चौकशी करणार नाही.
"आणि चौसष्ठाव्या दिवशी?"
"तेव्हा सगळं विचारतील."

हप्ता दोनशे बारा, गोळ्यांचा वेगळा.
आर्वोच्याच पाकिटाच्या पाठीवर तिनं मांडलं:
पेन्शन. गॅसची टाकी. बर्फ उपसणारा पोरगा.
मांजर. चर्चची पेटी, ती तिनं खोडली,
मग पुन्हा लिहिली, निम्मी.
ब्याऐंशी कमी पडत होते.
पेन्सिल तिथंच अडली.

"आर्वोची पिकअप," ती अचानक म्हणाली,
"गॅरेजात उभी आहे. किल्लीसुद्धा लावली नाही मी.
तिचा विमा मात्र भरतेय दर महिन्याला.
चौऱ्याऐंशी."

प्रिंटरनं तेवढ्यात एक कागद दिला, कुणाचा कोण जाणे.
आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो.

"चार दिवस थांबा," मी म्हटलं, "घाई नाही."
"घाई नाही कशी? मोजलेत तूच."
सही केली. बाटल्या डब्यात मोजून परत ठेवल्या.
दोन डॉलर उरतात, त्याचं काय करायचं
हे ती मला विचारत होती की आर्वोला, कळलं नाही.

तळघराच्या पायऱ्या चौदा.
ती नवव्या पायरीवर थांबली.
मी मोजत होतो, जुनी खोड.
कठड्याला धरून ती खाली वळली.
शाळेच्या खानावळीत वाढपी होती ती,
मी चौथीत.
"तू गाजरं रुमालात गुंडाळून टाकायचास," ती म्हणाली.
"सगळं दिसायचं मला."
आणि उरलेल्या पाच पायऱ्या चढून गेली.